दगडावरची डहाळी

वन्सं एस.टी.त चढल्या की बसण्याआधी शेजारच्या जागेवर रुमाल टाकायच्या. पांढरा, निळ्या काठाचा, पुरुषी रुमाल. दोन माणसांच्या बाकावर खिडकीशी त्या, शेजारी रुमाल, आणि मी, त्यांची सख्खी भावजय, दोघींचा डबा पाठीवर घेऊन मागच्या बाकावर कुणातरी परक्या माणसाजवळ. कुणी विचारलं, "हितं कुणी हाय का?" की त्या शांतपणे म्हणायच्या, "येतायत." गाडी भरली आणि कंडक्टर करवादला की रुमाल उचलून मांडीवर घ्यायच्या, जागा झाली की पुन्हा ठेवायच्या. मला आधी लाज वाटायची. मग राग यायला लागला. शेवटी मी मुकाट्यानं मागं बसायला शिकले, कारण तो रुमाल कुणाचा होता ते मला ठाऊक होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून वयानं थोडी लहानच, पण लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा सासूबाईंनी "वन्सं म्हणायचं" असं बजावलं आणि ते जे तोंडात बसलं ते बसलं. आताच्या मुली हसतात. हसू देत. वन्संचं सासर उत्रोलीचं. यजमान सरळ, कमी बोलणारे, भाताच्या खाचरात रमलेले. घरात शिरताना उंबऱ्याबाहेर एकदा खाकरायची त्यांची सवय होती, जुन्या वळणाच्या पुरुषांची असते तशी, आतल्या बायकांना कळावं म्हणून. एका सकाळी "जरा जाऊन येतो" म्हणून कापडी पिशवी घेऊन ते बाहेर पडले आणि परत आले नाहीत. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, डोकं फिरलेलं नव्हतं. गावातल्या एकानं त्यांना नसरापूरला वेल्ह्याच्या गाडीत चढताना पाहिलं होतं, एवढंच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवऋषी झाले. वेल्ह्याला त्यांचं कुणीही नव्हतं.

पुढं त्यांची मुलगी मोठी झाली, वन्सं माहेरी भोरला आमच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आल्या, आणि बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट झालं तेव्हा आम्ही दोघी भटकायला लागलो. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला ओढणी, हातात काठी. लोक हसले, मग त्यांचीही सवय झाली. कुठं जायचं ते वन्सं ठरवायच्या. त्यांची अट एकच, गाडी जायला पाहिजे. मला वाटायचं, गुडघ्यांची काळजी. गड त्यांना नको असायचा. "गडावर माणसांची जत्रा असते," म्हणायच्या. पानशेतकडं तर नावच काढायचं नाही, तिथं रविवारी भज्यांचा धूर आणि मोटारींचे भोंगे. त्यांना हव्या असायच्या नदीच्या घळी. जिथं पाणी काळा कातळ कापत खोल उतरतं, दोन्हीकडं भिंती उभ्या राहतात आणि वर आभाळाची चिंधी उरते, अशा जागा. आणि सगळ्या वेल्ह्याच्या बाजूच्या.

हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला, म्हणजे मी किती हुशार ते बघा. त्या निसर्ग बघायला येत नव्हत्या. ज्या गाडीनं तो माणूस गेला, त्या गाडीचा एकेक थांबा त्या उतरून बघत होत्या, आणि प्रत्येक थांब्याच्या खाली जी खोल जागा असेल तिच्यात डोकावत होत्या. मी हे कधी बोलले नाही. बोलले असते तर भटकणं थांबलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या घळींचं वेड लागलं होतं.

ज्या दिवसाबद्दल सांगतेय त्या दिवशी माझ्यावर कामगिरी होती. दिवाळी नुकतीच झालेली. वन्संच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं. आणि आमच्या ह्यांनी गुरुजींना विचारून ठेवलं होतं. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, मग बाकीचं दिवसकार्य. त्याशिवाय त्याला गती नाही आणि मागच्यांना मोकळीक नाही. ह्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बहिणीपुढं विषय काढला की तिचं तोंड दगडासारखं व्हायचं, म्हणून त्यांनी मला पुढं केलं. "तुझं ऐकते ती. आज चालता चालता काढ विषय. हो म्हणवून घे." मी म्हटलं, बघते. पण पुतळा जाळला की ह्या बाईच्या आयुष्यात रुमाल टाकायला जागा उरणार नव्हती.

भोरहून कापूरहोळ, तिथून नसरापूर, नसरापूरहून वेल्हे, आणि वेल्ह्याहून शेवटच्या गावाची गाडी. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथं भज्यांचा धूर होईल.

गाडीतून तिथं आम्ही दोघीच उतरलो. गाडी वळून गेली आणि धुक्यानं तिचा आवाजसुद्धा गिळला. गावाच्या मागं जिथून घळीची वाट खाली उतरते तिथं एक सपाट काळा दगड आहे. मागच्या खेपेला आम्ही त्याच्या शेजारून तशाच खाली निघालो होतो, तर एक गुराखी अंगावर ओरडत आला होता. "ओ बायांनो! डहाळी कोन ठेवनार? माजा आज्जा?" मग त्यानं समजावून सांगितलं. खाली जाणाऱ्यानं झाडाची एक हिरवी डहाळी मोडून दगडावर ठेवायची. वर आलं की आपली डहाळी उचलून दरीत फेकायची. सांजच्याला गुरं घेऊन शेवटी येणारा माणूस दगड बघतो. दगड मोकळा असला तर सगळे वर आले. डहाळी दिसली तर कुणीतरी खाली आहे, मग बॅटऱ्या घेऊन माणसं उतरतात. "आन् दुसऱ्याच्या डहाळीला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला होता. "ज्याची त्यानं उचलायची." मोबाईलला रेंज नसलेल्या गावात ह्याहून शहाणी व्यवस्था मी पाहिलेली नाही.

त्या दिवशी दगडावर आधीच एक डहाळी होती; मागच्या खेपेला असली तरी त्या ओरड्यात माझ्या ध्यानात आली नव्हती. जांभळीची, हिरवीगार. मोडलेल्या टोकाला ओल होती.

"कुणीतरी गेलंय खाली," वन्सं म्हणाल्या.

"गावातलं असेल. खेकडे धरायला."

आम्ही आमच्या दोन ठेवल्या आणि उतरायला लागलो. कारवीतून वाट जाते. धुकं इतकं दाट की पुढं चाललेल्या वन्संची पाठ मधेच नाहीशी व्हायची आणि फक्त काठीचा आवाज राहायचा. मी तोंडात शब्द घोळवत होते. वन्सं, तुमच्या दादाचं असं म्हणणं आहे की... नको. वन्सं, पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत वडिलांच्या नावामागं काय घालायचं, श्री का कै.? तेही नको. काहीही म्हटलं तरी ते त्या घळीत फार मोठ्यानं ऐकू आलं असतं.

खाली कातळ लागला तसं धुकं वर राहिलं, डोक्यावर झाकण घातल्यासारखं. पाणी कमी झालेलं. रांजणखळग्यांमध्ये ते नुसतं उभं होतं, काळं, हालचाल नसलेलं. एरवी तिथं खंड्या असतो, धोबी पक्षी असतात. त्या दिवशी काही नव्हतं. आम्ही बोलायचो ते भिंतीवर जाऊन जरा उशिरानं परत यायचं, आणि परत आलेला आवाज आमच्या आवाजाहून म्हातारा वाटायचा.

पुढच्या वळणावर एक धोंडा गडगडला. आम्ही थांबलो.

"वानर," मी म्हटलं.

वळण घेतलं तर सपाट कातळावर ओलं पाऊल उमटलेलं. एकच, उजव्या पायाचं, अनवाणी. आधीचं नाही, पुढचं नाही. आमच्या डोळ्यांदेखत ते टाचेकडून वाळत गेलं, आणि मग तिथं नुसता दगड राहिला. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी विनोद गिळते तेव्हा मी खरोखर घाबरलेली असते, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.

मग बिडीचा वास आला. आत्ता ओढलेल्या बिडीचा, गरम. वन्सं मान वर करून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि त्यामुळंच माझी वाढली. मी त्यांचा दंड धरला. "वन्सं, तुमच्याकडं बिडी कुणी ओढत नव्हतं." बारा वर्षांत त्या विषयावर मी त्यांच्याशी उघड बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी मान हलवली. "नाही. तोंडात सुपारीसुद्धा नाही." त्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं, आणि मला एकाच वेळी सुटल्यासारखं आणि दुष्ट असल्यासारखं वाटलं.

आम्ही डबा खाल्ला नाही. तिथून परतायचं ठरवलं, म्हणजे मी ठरवलं. मागं वळून थोडं चाललो असू, आणि आमच्या पाठीमागून, फार लांबून नाही, कुणीतरी खाकरलं.

एकदाच. घसा साफ करायला नव्हे. दाराबाहेर उभं राहून, आत येऊ का म्हणून खाकरावं तसं.

"भेकर असेल," मी म्हटलं. भेकर खोकल्यासारखं ओरडतं हे मला माहीत आहे. पण भेकराचा आवाज मी ऐकलेला आहे, आणि ते भेकर नव्हतं.

वन्सं वळल्या आणि त्यांनी हाक मारली. नाव घेऊन नाही, त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. "अहो!" एवढंच. घळीनं ते पुन्हा पुन्हा म्हटलं. वन्सं पाण्याच्या काठानं उलट्या दिशेनं चालायला लागल्या आणि मी त्यांच्या पाठीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. आम्ही तशा उभ्या होतो, दोन प्रौढ बाया, एक ओढतेय आणि एक सोडत नाही. "वर चला," मी म्हणत होते, "वर चला, मुलगी आहे, लग्न आहे, वर चला." शेवटी त्या वळल्या. वर चढताना दर वळणाला थांबून कान देत होत्या.

दगडापाशी आलो. आम्ही आमच्या दोन डहाळ्या उचलून दरीत टाकल्या. ती जांभळीची तिथंच होती.

"ते अजून वर आले नाहीत," वन्सं म्हणाल्या आणि दगडाशेजारी मांडी घालून बसल्या.

गावात गाडी आली होती. परत जाणारी शेवटची तीच. त्यानंतर येते ती मुक्कामाची, सकाळपर्यंत हलत नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आम्हाला सकाळी त्यानंच सोडलं होतं, तो आमच्यासाठी थांबणार, पण किती थांबणार? मी विनवलं, रागावले, दादाचं नाव घेतलं. वन्सं म्हणाल्या, "तू जा वहिनी. मी त्यांना घेऊन येते." इतक्या साधेपणानं, जणू बाजारात मागं राहिलेल्या माणसाबद्दल बोलत होत्या. त्या वेळी मला रडू आलं. ही बाई मी आता गमावली, असं मला स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात धुक्यातून एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, कपाळावर कुंकू नाही, पण हिरवं गोंदण. हातात जांभळीची ताजी डहाळी. तिनं आमच्याकडं पाहिलं, दगडावरची डहाळी उचलून दरीत भिरकावली आणि त्या जागी नवी ठेवली. कमरेच्या पिशवीतून एक बिडी काढली, पेटवली, एक झुरका मारून धग धरू दिली आणि डहाळीशेजारी ठेवली.

मी पुढं झाले. "आजी, ही डहाळी कुणाची?"

"आमच्या धन्याची," ती म्हणाली. "म्हशीमागं उतरलं व्हतं. म्हैस आली वर. ह्ये न्हाई आलं. लई वरसं झाली, तवा रस्ताबी नव्हता."

"अजून ठेवता?"

"वाळली की लोकं म्हनत्यात, संपलं. म्या वाळू देत न्हाई. गावाला ठावं हाय, जांभळीची आमची." मग ती आमच्या समोर टेकली आणि सहज विचारलं, "काय गावलं आज खाली?"

तो प्रश्न एखाद्या बाजार करून आलेल्या बाईला विचारावा तसा होता. मी सांगून टाकलं. पाऊल, बिडीचा वास, आणि कुणीतरी खाकरलं ते.

"पाय आन् बिडी आमची," म्हातारी म्हणाली. "खाकरनारं आमचं न्हाई. आमचं शीळ घालायचं." तिनं वन्संकडं रोखून पाहिलं. "तुमचंबी हाय व्हय कुणी खाली?"

पुन्हा भोंगा वाजला. "माहीत नाही," वन्सं म्हणाल्या.

"म्हंजी असंलच."

मग वन्संनी विचारलं, आणि त्यांनी काय विचारलं ते ऐकून मी श्वास रोखला. "आजी, तुम्ही त्यांचं दिवसकार्य केलंत?"

"केलं की. पोरांनी केलं. पिंडाला कावळाबी शिवला."

"मग ही डहाळी?"

"त्येचं त्ये, ह्येचं ह्ये," म्हातारी म्हणाली. "कावळ्याला काय ठावं खाली कोन हाय त्ये." तिनं बिडी पुढं सरकवली, वारा लागू नये म्हणून दोन खडे रचले. "जावा आता. गाडी न्हाई थांबायची. म्या हाय हितं."

वन्सं उठल्या. मी नव्हे, तिनं उठवलं त्यांना. गाडीत त्यांनी रुमाल टाकला, मी मागं बसले. वेल्हं येईपर्यंत त्यांची मान खिडकीकडं होती. मग मागं न वळता म्हणाल्या, "वहिनी, दादाला सांग. करा म्हणावं." कामगिरी फत्ते झाली होती आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

पौषात नदीकाठी विधी झाला. पळसाची पानं वन्संच्या उत्रोलीच्या दिरानं आणली. गुरुजींनी ती दोऱ्यानं बांधत बांधत माणसाचा आकार केला, डोक्याच्या जागी नारळ. बघवत नव्हतं आणि नजर हटतही नव्हती. अग्नी द्यायच्या आधी वन्संनी वाकून एक निसटलेलं पान आत खोचलं, बाहेर निघताना नवऱ्याची कॉलर नीट करावी तसं. आमचे हे तोंड फिरवून रडले. पानं वाळली होती, झटक्यात पेटली. सगळे म्हणाले, सुटला बिचारा.

माघात वन्संच म्हणाल्या, "तिथं जाऊन येऊ." कुठं ते विचारावं लागलं नाही. गाडीत रुमाल होताच. म्हणजे काहीच संपलेलं नव्हतं. मी मागच्या बाकावरून त्या रुमालाकडं बघत राहिले आणि मनात म्हटलं, आता ही पण म्हातारी होईपर्यंत असंच.

धुकं नव्हतं. लख्ख ऊन, समोरचा डोंगर हाताला लागेल असा. अशा उजेडात भीती वाटायचं कारण नव्हतं, पण दगडापाशी आलो आणि माझे पाय थांबले. दगडावर दोन डहाळ्या होत्या. दोन्ही हिरव्या, दोन्हींचं टोक ओलं. शेजारी म्हातारी पाय पसरून बसलेली, आमची वाट बघत असल्यासारखी.

"आलात? एक आमची, एक तुमची," ती म्हणाली. "तुमी लांबच्या. रोज कशा येनार? म्या म्हनलं, आपुन ठेवू."

त्या दिवसापासून तिनं एकही दिवस डहाळी वाळू दिली नव्हती. भोरला आम्ही पानांचा माणूस जाळत होतो तेव्हा इथं त्याच माणसाच्या नावानं ही ताजं पान ठेवत होती. तिनं ते मायेनं केलं होतं. मला मात्र त्या मायेची धडकी भरली.

वन्सं दगडासमोर बसल्या. म्हातारी म्हणाली, "म्या ठेवली तरी तुमची हाय. ठेवायची का उचलायची, तुमी सांगा. ठेवलीत तर म्या हाय तवर वाळत न्हाई."

"उचलली तर?"

"उचलली म्हंजी मानूस वर आलं. दुसरं काय?"

आम्ही त्या दिवशी खाली उतरलोच नाही. वन्सं तशाच बसून राहिल्या. सावल्या सरकल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, उचला, उचला ती आणि मोकळ्या व्हा. आणि त्याच वेळी वाटत होतं, उचलू नका, कारण मग त्या घळीतून जे वर येईल ते कुठं जाईल? म्हातारीनं आपल्या डहाळीशेजारी बिडी ठेवली. वन्संनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या वाकलेल्या कमरेकडं, हिरव्या गोंदणाकडं, दगडाभोवती तिच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या जागेकडं. खूप वेळ पाहिलं.

गावात गाडी आली. भोंगा वाजला.

वन्सं उठल्या. दगडावरची आपली डहाळी उचलली, पानांवरची धूळ पदरानं पुसली आणि कड्यापर्यंत जाऊन ती खाली सोडली. मग घळीकडं तोंड करून, लग्नाला किंवा बाजाराला निघताना घरातल्या माणसाला म्हणावं तशा रोजच्या आवाजात म्हणाल्या, "चला. गाडी सुटेल."

वारा पडला होता. कारवीचं एक पान हललं नाही. पण म्हातारीनं पसरलेले पाय आवरून घेतले, वाटेतून बाजूला सरकली आणि परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा पदर डोक्यावरून पुढं ओढला. वन्सं वाटेला लागल्या. मी त्यांच्या मागं चालले आणि गाडीपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्या मागं कुणी चालत होतं का, हे मला आजही कुणी विचारू नये.

गाडीत वन्सं नेहमीसारख्या खिडकीशी बसल्या. मी सवयीनं मागच्या बाकाकडं निघाले.

"वहिनी, मागं कुठं चाललीस?" त्या म्हणाल्या. "इथं बस."

शेजारच्या जागेवर रुमाल नव्हता. तो त्यांच्या हातात होता. त्यांनी त्यानं घाम पुसला, मग डोळे पुसले, आणि घडी न घालता तो पिशवीत कोंबला. मी जागेवर हात ठेवून बघितला. रेक्झिन गार होतं. मी बसले.